अक्काकडे निघाले की

गाडीला माणसं ओळखता येत नाहीत, हे मला कळतं. तरीही आमची पांढरी गाडी भाजी आणायला निघाले की पहिल्या फटक्यात चालू व्हायची, बँकेत निघाले की चालू व्हायची, दातांच्या डॉक्टरकडे निघाले तर जरा जास्तच उत्साहानं चालू व्हायची. आणि अक्काकडे निघाले की रुसायची.

दर वेळी नाही. दर वेळी रुसली असती तर एकदाच काय तो निकाल लागला असता. कधी लगेच चालू व्हायची, कधी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला, आणि कधी अजिबात नाही. स्टार्टर नीट फिरायचा, इंजिन जागं व्हायचं, आणि शिंक येता येता राहावी तसं दुसऱ्याच क्षणी गप्प. समोर एक लाल दिवा लुकलुकायचा. पण त्या पट्टीवर इतके दिवे आहेत की कुणाकुणाची विचारपूस करायची?

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पुलापलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. गेल्या वर्षी मोरीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हिंमत काही जुळली नाही. पलंग ते खिडकी एवढाच तिचा फेरा राहिला. मी दर गुरुवारी तिच्याकडे जाते. पेपर वाचून दाखवते, नखं कापून देते, आणि दोघी मिळून साऱ्या नात्यागोत्याची उणीदुणी काढतो. तिचा थोरला मुलगा तिच्याजवळच राहतो, पण दिवसभर ऑफिसात. तिला उठून दार उघडायला नको म्हणून तिनं आपल्या किल्ल्यांचा जुडगाच माझ्या हवाली केला होता.

किल्ल्यांच्या बाबतीत आमच्या आईची एक शिस्त होती. घराबाहेर पडताना बरोबरच्या सगळ्या किल्ल्या एका कडीत घालायच्या. एकटी किल्ली पडली तर कळत नाही, जुडगा पडला तर आवाज होतो, हे तिचं म्हणणं. आईला जाऊन किती वर्षं झाली, पण ती शिस्त आम्हा दोघींच्या हाडात आहे. त्यामुळे गुरुवारी निघताना अक्काचा जुडगा मी माझ्या गाडीच्या कडीत अडकवायची. आमचे हे होते तेव्हा माझ्या ह्या सवयीवरून मला चिडवायचे, "निघाल्या जेलरबाई!"

गाडी चालवायला ह्यांनीच शिकवली. मला आणि अक्काला, दोघींना एकदम. एक पुढे बसायची, एक मागे, आणि मागची पुढचीला हसायची. लहानपणी आम्हा दोघींत एकच सायकल होती. अर्धा रस्ता ती चालवायची, अर्धा मी. त्याचा वचपा म्हणून असेल, पण पुढे गाड्या घेतल्या त्या जोडीनं. एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात. तिची लाल, माझी पांढरी. दुकानदार म्हणाला, "बहिणी शोभता." अक्का म्हणाली, "गाड्या का आम्ही?"

आता मला संशय का आला ते सांगते.

अक्का पडल्यावर तिच्या थोरल्यानं तिला सांगितलं की लाल गाडी गॅरेजमध्ये आहे, पार्ट मिळत नाही. अक्कानं विश्वास ठेवला. किंवा ठेवल्यासारखं केलं. मग एके दिवशी बँकेसमोर मला ती लाल गाडी दिसली. डाव्या दारावर अक्कानं फाटकाच्या खांबाला ठोकून पाडलेला पोचा, तोच. आत एक अनोळखी बाई, मागच्या काचेला कुणाच्या तरी मुलाची उशी. गाडी कधीच विकून झाली होती. मी घरी आले, पाणी प्यायले, आणि अक्काला काही बोलले नाही. काय बोलणार?

त्यानंतर महिना गेला असेल-नसेल, माझी गाडी अक्काकडे जायला कुरकुरू लागली.

माझा मुलगा आणि अक्काचा थोरला, दोघे मावसभाऊ. लहानपणापासून एकमेकांच्या खोड्या झाकत आलेले. आठवड्यातून दोनदा फोनवर बोलतात, आणि हल्ली मी खोलीत आले की माझा मुलगा गॅलरीत जाऊन बोलायचा. गाडी बंद पडली की त्याचं एकच पालुपद.

"आई, एवढ्या लांब तू गाडी न्यायचीसच कशाला? मावशीशी व्हिडिओवर बोल ना."

"व्हिडिओवर नखं कापता येतात का रे?"

"मग रिक्षानं जा."

"बाजारात जायला गाडी चालते, अक्काकडेच कशी चालत नाही?"

"आई, गाडीला काय कळतंय तू कुठे चाललीस ते?"

"गाडीला नाही कळत," मी म्हणाले. "माणसांना कळतं."

 मग त्यानं नेहमीचा हुकमी पत्ता काढला. "तू क्लच पूर्ण दाबत नसशील. वय झालं की पायातला जोर..."

माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. ज्या पायानं त्याला पाळण्यात झोके दिले, त्या पायाचा जोर तो मला शिकवणार!

मेकॅनिक आमचा जुना. माणूस सरळ, पण संशय एकदा डोक्यात शिरला की सरळ माणसंही वाकडी दिसू लागतात. मुलगा गाडी घेऊन जायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. आधी बॅटरी बदलली. मग तिच्या टोकांवरचा पांढरा बुरा साफ केला. मग प्लग बदलले. मग पेट्रोलच्या पंपावर संशय घेतला. दर वेळी मेकॅनिकचा निरोप तोच: माझ्याकडे गाडी एकदाही बंद पडत नाही. सकाळी चालू करून बघतो, गरम झाल्यावर बघतो, घड्याळासारखी चालते.

पडेलच कशी? ज्यानं कळ फिरवली तोच गाडी घेऊन जातो आणि तोच घेऊन येतो, असं मी मनाशी म्हणाले.

एका बुधवारी मी सापळा लावला. बॉनेटच्या फटीवर पावडर भुरभुरली, माझी नेहमीची, अंगाला लावायची. रात्रीतून कुणी बॉनेट उघडलं तर बोटं उमटणार. सकाळी जाऊन बघते तर बॉनेटवर मांजराचे पाय. पार काचेपर्यंत. वर मध्यभागी ती बसून उठल्याची गोल खूणसुद्धा. त्या गुरुवारी गाडी चौथ्या प्रयत्नाला चालू झाली, आणि अक्काकडे पोहोचल्यावर तिनं विचारलं, "धाकटे, तुझ्या गाडीला पावडर कुणी लावली? नवरी आहे का?"

मग रविवारी जेवणाच्या टेबलावर मुलानं जाहीर केलं, "पुढच्या रविवारी एक जण गाडी बघायला येतोय. नुसता बघायला. आई, तू एकटी पुलावर अडकलीस तर? मला ऑफिसात काम सुचत नाही."

चेहरा खरोखर काळजीचा होता. पण बँकेसमोरची ती उशी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. लाल गाडी आधी गॅरेजमध्ये गेली होती, मग विकली गेली. माझी पांढरी तर गॅरेजच्या वाऱ्या करून चुकली होती. राहिलं काय? आणि गाडी गेली की माझा गुरुवार गेला. रिक्षानं दोनदा जाईन, तिसऱ्यांदा पाय दुखेल, चौथ्यांदा पाऊस असेल. मग माझंही पलंग ते खिडकी. मला ते दिसत होतं.

मी सुनेकडे पाहिलं. ती ताटात बघत होती. एरवी कुठल्याही विषयावर आधी बोलणारी बाई. हिला आधीच माहीत होतं तर! कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि आता ते घरातच मुरत होतं.

त्या आठवड्यात मी सुनेवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. गुरुवारी सकाळी ती झाडांना पाणी घालायला खाली उतरते. आधीही उतरायची, पण झारी भरून लगेच वर यायची. हल्ली उशीर व्हायचा. मी चप्पल न घालता जिन्यानं उतरले आणि मीटरच्या कपाटाआड उभी राहिले. झारी फाटकाशी ठेवलेली. झाडं कोरडी. आणि सूनबाई माझ्या गाडीत, माझ्या जागेवर बसलेली. एक हात स्टिअरिंगखाली.

इंजिनाचा आवाज आला. मग बंद. पुन्हा आवाज. पुन्हा बंद.

मी जाऊन दार उघडलं. "सापडलीस!"

ती इतकी दचकली की हॉर्नच वाजला. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"आई! केवढ्यानं!"

"काय करत होतीस माझ्या गाडीत?"

"चालू करून बघत होते."

"चालू करून, की बंद करून?"

ती उतरली. चेहरा लाल. मला वाटलं रडेल, पण ती चिडली होती. "दर गुरुवारी बघते मी. तुम्ही खाली यायच्या आधी. चालू होते ना, ते. नाही झाली तर वर येऊन सांगावं, म्हणजे सगळ्या बिल्डिंगसमोर तुमची फजिती नको. आणि आई, माझ्यासमोर एकदाही बंद पडलेली नाही. एकदाही! मी वर जाते, तुम्ही खाली येता, आणि बंद. म्हणून मला वाटलं..." ती थांबली.

"काय वाटलं?"

"ह्यांच्यावर संशय आला. मी वर गेल्यावर हे कचरा टाकायला म्हणून खाली उतरतात ना. गाडी बघायला माणूस आणतायत, मला न विचारता. म्हणून परवा टेबलावर गप्प बसले. बोलले असते तर भांडणच झालं असतं."

 इतकी वर्षं एका घरात राहून मला कळलं नव्हतं की संशय घेण्यात ही माझ्या तोडीची आहे.

"कुठल्या किल्लीनं चालू करतेस?" मी विचारलं.

"ड्रॉवरमधल्या. जादाच्या." तिनं तळहात उघडला. एकटी किल्ली. कडी नाही, काही नाही. आमच्या आईनं पाहिली असती तर टाकून बोलली असती.

"सरक," मी म्हणाले.

मी ती किल्ली फिरवली. गाडी चालू. बंद केली, पुन्हा फिरवली. चालू. म्हणजे माझ्या हाताचा, पायाचा, वयाचा दोष नव्हता. ते आधी मनात नोंदवून ठेवलं, रात्री जेवताना लागणार होतं. मग वर जाऊन माझी किल्ली आणली, गुरुवारचा सगळा जुडगा लटकवलेली. फिरवली. इंजिन जागं झालं आणि गप्प. लाल दिवा लुकलुकला. सुनेनं फिरवली. गप्प.

"तुमची किल्ली झिजली असेल," सून म्हणाली.

"मग बाजारात कशी चालते?"

ती वाकून त्या दिव्याकडे बघत होती. "आई, ह्या दिव्यावर किल्लीचं चित्र आहे."

मी चष्मा सरळ केला. होतं खरं. इतके महिने तो दिवा मला सांगत होता आणि मी मावसभावांच्या मागावर होते.

"बाजारात जाताना जुडग्यात काय नसतं?" तिनं विचारलं.

"अक्काच्या किल्ल्या."

आम्ही अक्काचा जुडगा काढून बॉनेटवर ठेवला. गाडी चालू. मग त्यातली एकेक किल्ली पुन्हा माझ्या कडीत घालत गेलो. फाटकाची घातली, चालू. दाराची घातली, चालू. कपाटाची, चालू. राहिली ती काळ्या डोक्याची जाड किल्ली. ती घातली, आणि गाडी गप्प.

"ही कशाची?" सुनेनं विचारलं.

"लाल गाडीची."

अक्कानं जुडगा दिला तेव्हा हळूच सांगितलं होतं, "एक किल्ली थोरल्यानं नेली, ही दुसरी. त्याला ठाऊक नाही. गाडी गॅरेजमधून आली की लागेल. तुझ्याकडे राहू दे." मी ती ठेवली. बँकेसमोर ते सगळं त्याआधीच पाहिलं होतं, तरी कडीतून काढायला मन होईना.

सून म्हणाली, "आमच्या ऑफिसात दाराला कार्ड लागतं. दोन कार्डं चिकटून धरली की दार उघडतच नाही. हे तसंच दिसतंय. किल्लीच्या डोक्यात काहीतरी असतं. गाडी विचारत असणार, कोण आहे? आणि दोघी एकदम ओ देतात. मग तिला एकीचंही नीट ऐकू येत नाही. किल्ल्या लांब लटकल्या तर चालते, जवळ आल्या की बंद."

"आणि तुझा नवरा मेकॅनिकला किल्ली द्यायचा ती..."

"एकटी. कडीतून काढून. तुमच्या जुडग्यानं त्यांचा खिसा फाटतो म्हणून."

मुलगा खरंच कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरला. आम्ही त्याला पिशवीसकट गाडीत बसवलं. काळी किल्ली कडीत ठेवून फिरवायला सांगितली. काढून फिरवायला सांगितली. त्यानं तीनदा केलं. 

"म्हणजे तू क्लच नीट दाबत होतीस," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुला वाटलं मी काहीतरी केलं?"

"वाटलं."

त्यानं बायकोकडे पाहिलं. "आणि तुला?"

"मलाही," ती म्हणाली. "तो माणूस रविवारी येतोय ना? त्याला फोन करा."

"अगं, पण आईचं वय..."

"बाजारात, बँकेत, डॉक्टरकडे जाताना वय कुठे जातं? करा फोन."

त्यानं फोन केला. ह्या वेळी गॅलरीत गेला नाही, आमच्यासमोरच बोलला. दुसरा फोन मेकॅनिकला. पलीकडून तो मोठ्यानं म्हणाला ते मलाही ऐकू आलं, "अहो साहेब, अख्खा जुडगा का नाही दिलात? मी काय किल्ल्या खातो?"

"टाकून दे ती किल्ली," फोन ठेवून मुलगा म्हणाला. "तिची गाडी तर..." आणि जीभ चावली.

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "तुलाही माहीत होतं ना? गॅलरीत तेच बोलत होतात ना दोघं?"

"मावशीला कसं सांगायचं, हेच विचारत होता तो मला," मुलगा म्हणाला. "मी तरी काय सांगणार?"

किल्ली मी टाकली नाही. ती माझी नव्हती. सुनेनं डबे गुंडाळायचा चंदेरी कागद आणला आणि ती त्यात घट्ट गुंडाळली. म्हणाली, ह्यातून तिची ओ बाहेर जाणार नाही. ती गोळी माझ्या कडीत अडकवून आम्ही किल्ली फिरवली. गाडी चालू. सून म्हणाली, "मी पण येते आज. उशिरा जाईन ऑफिसला."

अक्का खिडकीशीच बसली होती. मी जुडगा टेबलावर ठेवला तशी तिची नजर त्या चंदेरी गोळीवर गेली. डोळे अजून घारीचे आहेत तिचे.

"हे काय बांधून आणलंस?"

"तुझी किल्ली."

"अशी का गुंडाळलीस? उष्टी आहे?"

मी सुनेकडे पाहिलं. ती पाणी आणायला आत गेली, मुद्दामच. मग मी अक्काला सगळं सांगितलं. गाडी रुसते ती, मांजर, मीटरचं कपाट, काळी किल्ली. ती हसत ऐकत होती. संपल्यावर मात्र हसणं थांबलं.

"म्हणजे माझ्या किल्लीत अजून जीव आहे," ती म्हणाली.

"आहे."

"आणि माझी गाडी कुठे आहे?"

गॅरेजमध्ये, हे जिभेवर आलं होतं. सोपं होतं ते. "विकली गं अक्का. बँकेसमोर पाहिली मी. एक बाई चालवत होती."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "पोचा काढला का त्या बाईनं?"

"नाही."

"आळशी दिसते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याचं एक वेळ ठीक. तो घाबरतो मला. तूही नाही सांगितलंस, धाकटे?"

  कागद सोडून तिनं किल्ली तळहातावर घेतली, अंगठ्यानं पुसली, मूठ मिटली. "वॉकर दे इकडे."

"कशाला?"

"तुझ्या गाडीत बसायचंय. पलंगावर बसून कंटाळा आला."

जिना नाही म्हणून बरं. तरी दारापासून फाटकापर्यंत यायला तिला केवढा वेळ लागला. सून एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि अक्का मध्येच थांबून आम्हा दोघींना दम देत होती. पुढच्या सीटवर बसली, पाय आत घेतले, दार लावून घेतलं. पदरानं कपाळ पुसलं. शिकताना बसायची तशीच पाठ ताठ.

"पुलापर्यंत ने," ती म्हणाली. "हळू. मी सांगते तशी."

मी किल्ली फिरवली. इंजिन जागं झालं आणि गप्प. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. लाल दिवा लुकलुकला. म्हणजे अजून काही वेगळंच आहे की काय! तेवढ्यात मागच्या सीटवरून सुनेला हसू फुटलं. मी खाली पाहिलं. अक्कानं हात लांब करून आपली काळी किल्ली माझ्या किल्लीला अगदी चिकटवून धरली होती. चेहरा साळसूद.

"अजून ऐकते माझं," ती म्हणाली.

"अक्का, हात काढ."

"काढते की. घाई काय आहे? मी बरी वर्षभर वाट बघितली."

मी हात मांडीवर ठेवले. तिला हवा तेवढा वेळ मी वाट बघणार होते.